फळाची वाटणी

कर्म ज्याचे त्याचे आणि फळही ज्याचे त्याचे, हा सिद्धान्त आपल्या अंगात इतका मुरला आहे की त्याला कोणी कधी प्रमाण मागत नाही. नशिराबादच्या बाजारात उधारी बुडवणाऱ्याविषयी बोलताना, जळगावच्या कचेरीत वर्षानुवर्षे लोंबकळलेल्या दाव्याची हकीकत सांगताना, घरातील कर्त्या माणसाला अग्नी देऊन परतताना आपण एकच निर्वाळा देतो, की जो करील तो भोगील. आणि हा निर्वाळा देताना आपण न बोलता असे गृहीत धरलेले असते, की प्रत्येक कर्माला एकच कर्ता असतो व कुठल्याशा अदृश्य दफ्तरात त्या कर्माची नोंद त्याच्या नावावर बिनचूक होत असते. पाप एकट्याचे असेल, उपवास एकट्याचा असेल, तोवर हे गृहीत निभावून जाते. परंतु जे कर्म एकट्याला करताच येत नाही, ज्याला चौघांचे हात एकामागून एक लागतात आणि ज्याचा कर्ता कोण असे विचारल्यास कोणा एकावर बोट ठेवता येत नाही, त्याचे फळ कोणाच्या नावे रुजू करावयाचे? हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळीत आला आहे, आणि त्याचा विचार करू लागलो की माझ्या डोळ्यांसमोर १९१२ सालच्या स्टॉकहोम ऑलिंपिकमधील रिले शर्यतीत सुवर्णपदक मिळवणारा हेन्री मॅकिन्टॉश नावाचा एक वीस वर्षांचा स्कॉटिश विद्यार्थी उभा राहतो.

मॅकिन्टॉशचा जन्म १८९२ सालचा, स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेकडील केल्सो या गावचा. ग्लेनॲल्मंड येथे शालेय शिक्षण पुरे करून तो केंब्रिजच्या कॉर्पस ख्रिस्ती कॉलेजात दाखल झाला आणि विद्यार्थिदशेतच ऑलिंपिकला गेला. तेथे १०० मीटरच्या वैयक्तिक शर्यतीत तो पहिल्याच फेरीत बाद झाला. निराळे काही घडले नसते तर त्याचे नाव त्या वर्षीच्या शेकडो पराभूतांच्या यादीत पडून राहिले असते. परंतु थोड्याच दिवसांनी, ९ जुलै रोजी, ऑलिंपिकच्या इतिहासात प्रथमच ठेवलेल्या ४ × १०० मीटर रिलेच्या अंतिम फेरीत डेव्हिड जेकब्सच्या हातून बॅटन घेऊन ती व्हिक्टर डार्सीच्या हाती देण्याचे काम त्याच्याकडे आले, शेवटचा टप्पा विली ॲपलगार्थने पुरा केला, आणि ४२.४ सेकंदांत ब्रिटनचे हे चौघे जगज्जेते ठरले. एकट्याने पहिली फेरीही पार न करू शकलेला माणूस चौघांतला एक होताच विजेता झाला. आता हे विजेतेपद त्याचे म्हणावयाचे की त्याला मिळालेले दान म्हणावयाचे?

या विजयाची हकीकत आणखी बारकाईने पाहिली तर प्रश्न अधिकच अवघड होतो. उपांत्य फेरीत ब्रिटनची गाठ अमेरिकेशी पडली, आणि १०० मीटरमधील तीनही पदके ज्या देशाने त्याच आठवड्यात पटकावली होती त्या अमेरिकेचा संघ ब्रिटनच्या पुढे पोचलाही. पण बॅटन देण्याघेण्यासाठी आखलेल्या वीस मीटरांच्या पट्ट्याबाहेर ती दिली गेली म्हणून तो बाद झाला. दुसऱ्या एका उपांत्य फेरीत ओटो र्‍योर, माक्स हर्मन, एर्विन केर्न आणि रिचर्ड राउ या जर्मन चौकडीने ४२.३ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता, म्हणजे ब्रिटनच्या अंतिम वेळेहूनही सरस. पण अंतिम फेरीत त्यांच्याही देण्याघेण्यात दोष निघाला आणि तेही बाद झाले. अंतिम फेरीत संघच तीन होते, त्यामुळे स्वीडनला रौप्यपदक मिळाले आणि कांस्यपदक कोणालाच देता आले नाही. भगवद्‌गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत, अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. त्या पाचव्या कारणाचे इतके ढळढळीत उदाहरण शोधूनही सापडणार नाही. तरीही केवळ दैवावर हवाला ठेवून मोकळे होणे मला मान्य नाही, कारण ज्या ठिकाणी इतर दोन संघ चुकले त्याच ठिकाणी हे चौघे चुकले नाहीत, आणि ते न चुकणे हे त्यांच्यापैकी कोणा एकाचे कर्तृत्व नव्हते.

येथे थोडे गणित करणे भाग आहे. त्या वर्षी १०० मीटरची शर्यत अमेरिकेच्या राल्फ क्रेगने १०.८ सेकंदांत जिंकली, आणि त्या शर्यतीच्या अंतिम फेरीत एकही ब्रिटिश धावक नव्हता. तरीही ४२.४ सेकंदांचे चार समान भाग केले तर दरेकाच्या वाट्याला १०.६ सेकंद येतात, म्हणजे ज्यांना क्रेगच्या बरोबरीने उभे राहण्याचीही पात्रता मिळाली नव्हती त्या चौघांची सरासरी क्रेगहून सरस! यात चमत्कार काही नाही. पहिला धावक तेवढा उभ्या जागेवरून सुटतो. बाकीचे तिघे बॅटन हाती येण्यापूर्वीच पळू लागलेले असतात, आणि जो वेग मिळवण्यासाठी एकट्याने धावणाऱ्याला सुरुवातीची मौल्यवान पावले खर्ची घालावी लागतात तो वेग त्यांना अंगी घेऊनच आपला टप्पा सुरू करता येतो. पण मग ही जी बचत झाली ती कोणाच्या पायांची? देणाऱ्याची म्हणावी, तर घेणारा वेळेवर सुटला नसता तर ती झाली नसती. घेणाऱ्याची म्हणावी, तर देणाऱ्याने हात अचूक लांबवला नसता तर त्याची आगाऊ धाव फुकट गेली असती. ती बचत दोघांपैकी एकाच्याही ठिकाणी नाही, आणि दोघांना सोडून तिसरीकडेही कोठे नाही.

आपल्या नैयायिकांनी या कोड्याला फार पूर्वी नाव देऊन ठेवले आहे. दोन घट शेजारी ठेवले असता त्यांच्या ठिकाणी द्वित्व राहते. ते या घटात अर्धे आणि त्या घटात अर्धे असे राहत नाही, आणि एकेका घटात पूर्णही राहत नाही, तर दोन्ही घटांना मिळून व्यापते. अशा धर्माला ते व्यासज्यवृत्ति म्हणतात. चौघांच्या शर्यतीचे कर्तृत्व हे याच जातीचे आहे असे मला वाटते, आणि येथपर्यंत न्यायशास्त्र माझ्या उपयोगी पडते. पुढे मात्र ते थबकते. कारण कर्तृत्व जरी चौघांना मिळून व्यापणारे असले तरी फळ भोगावयाचे ते एकेका जीवाने. सुख चौघांना मिळून एक होत नाही, आणि गळ्यात पडणारे पदक चौघांच्या गळ्यांत मिळून एक पडत नाही.

या ठिकाणी मला पूर्वमीमांसेने हात दिला. मीमांसा म्हणजे यज्ञातील किचकट तपशिलांचा कोरडा खल, अशी आपली समजूत असते, आणि वाईच्या केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोशासारखे प्रचंड काम करून ठेवले नसते, आपल्याच खानदेशात पिंपळनेरला जन्मलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारख्यांनी या विद्येचा परिचय मराठीत राखला नसता, तर ती समजूत दूर होण्याला वावही राहिला नसता. जैमिनींच्या सूत्रांत यज्ञाचे दोन प्रकार डोळ्यांसमोर ठेवून फलाचा विचार झालेला आहे. पहिल्या प्रकारात यजमान एक असतो. तो ऋत्विजांचे, म्हणजे कर्म करणाऱ्या पुरोहितांचे, वरण करतो, त्यांना दक्षिणा देतो, आणि मंत्र कोणी म्हटले, आहुती कोणी टाकली, सोम कोणी कुटला, हे काहीही असले तरी स्वर्गादी फळ यजमानाचे. ऋत्विजाचा मोबदला दक्षिणेत चुकता झाला. दुसरा प्रकार सत्राचा. सत्रात कमीत कमी सतरा व जास्तीत जास्त चोवीस जण एकत्र बसतात, दक्षिणा कोणी कोणाला देत नाही, जे ऋत्विज तेच यजमान, आणि बारा दिवसांपासून वर्षभरापर्यंत, किंबहुना त्याहूनही अधिक काळ, कर्म चालते. महाभारताचे श्रवण ज्या बैठकीत झाले ती नैमिषारण्यातील शौनकांची बैठक म्हणजे असेच द्वादशवार्षिक सत्र होते.

मग सत्राचे फळ कोणाचे, असा प्रश्न जैमिनींच्या सहाव्या अध्यायात उभा राहतो. पूर्वपक्ष अगदी आपल्या हिशेबी मनाला पटेल असा आहे: कर्ते अनेक, कर्म एक, तेव्हा फळही त्या सर्वांत मिळून एकच, सतरा जण असतील तर ज्याच्या त्याच्या पदरी सतरावा हिस्सा. सिद्धान्त मात्र असा, की सत्रातील प्रत्येक जण पूर्ण फळाचा धनी आहे. फळाचे तुकडे होत नाहीत आणि सोबती वाढले म्हणून ते घटत नाही. हा निर्णय प्रथम वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो, कारण हिश्श्यांच्या आणि फेरफारांच्या भाषेत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे औदार्य झेपणारे नव्हते. पण आमच्या भागातील केळीच्या बागाईतदाराला सामाईक विहीर जशी कळते तसे हे कळावयास हरकत नाही. दस्तऐवजात त्याचा हिस्सा चार आण्यांचा असेल, पण त्याची पाळी आली की पाणी येते ते चौथ्या हिश्श्याच्या विहिरीचे नसते, सबंध विहिरीचे असते.

रिले शर्यतीत नेमके हेच घडते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जी मिश्र रिले झाली तिच्यात टप्पे विषम होते; अमेरिकेच्या हॅमिल्टन आणि कार्टमेल यांनी प्रत्येकी २०० मीटर, जॉन टेलरने ४०० आणि मेल शेपर्डने ८०० मीटर अंतर कापले, म्हणजे १६०० मीटरांपैकी निम्मे अंतर एकट्या शेपर्डचे. हिस्सेरशीने वाटणी करावयाची तर अर्धे पदक त्याचे आणि हॅमिल्टनच्या पदरी दोन आणे. तशी वाटणी कोणी केली नाही, मागितलीही नाही. ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणारा पहिला आफ्रिकी-अमेरिकन म्हणून टेलरचे नाव आज घेतात; त्याच वर्षीच्या डिसेंबरात विषमज्वराने वारलेल्या त्या तरुण पशुवैद्याला कोणी पाव विजेता म्हणत नाही. मॅकिन्टॉशलाही स्टॉकहोममध्ये पदक मिळाले ते सबंध. एकट्याने तो पहिल्या फेरीत हरला होता ही गोष्ट त्या पदकातून वजा झाली नाही, आणि ॲपलगार्थने २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले म्हणून त्याच्या रिलेच्या पदकात भर पडली नाही.

सत्र आणि यजमानाचा यज्ञ यांतील भेद मला आमच्या नशिराबादच्या जुन्या इतिहासात वेगळ्या रूपाने दिसतो. आगगाडी येऊन भादली हे जवळचे स्टेशन होण्यापूर्वी सरकारी खलिते आणि सावकारी हुंड्या हरकाऱ्यांच्या पायांवर जात. एक हरकारा आपला टप्पा पळत पुरा करी, थैली दुसऱ्याच्या खांद्यावर देई, आणि पत्र रात्रंदिवस पुढे सरकत राही. बाह्यतः ही रिलेच आहे. परंतु हरकाऱ्याला मुशाहिरा मिळत होता, पत्र पोचण्यातले फळ लिहिणाऱ्याचे व वाचणाऱ्याचे होते, आणि खलित्यात सनद होती की फाशीचा हुकूम होता हे त्याला ठाऊकही नसे. तो ऋत्विज होता. स्टॉकहोमचे चौघे सत्री होते. पळण्याची क्रिया एकच, हातातून हातात वस्तू जाणेही एकच. फरक आहे तो संकल्पाचा, आणि मीमांसकांनी सगळा भर या संकल्पावर ठेवला हे मला त्यांच्या बुद्धीचे सर्वांत मोठे द्योतक वाटते.

सत्राची एक अट मात्र आज टिकणारी नाही, आणि ती टाकून दिल्याने काही बिघडत नाही असे माझे स्पष्ट मत आहे. सत्रात बसणारे सर्व जण एकाच कल्पाचे, एकाच अनुष्ठानपरंपरेचे असावे लागत. स्टॉकहोमच्या चौघांत मॅकिन्टॉश स्कॉटिश, जेकब्स हा कार्डिफचा ज्यू, ॲपलगार्थ यॉर्कशरचा इंग्रज; त्यांना एक करणारा कल्प म्हणजे ती हातभर लांबीचीही नसलेली नळी. हिवाळ्यात आमच्या गावी शाळेच्या मैदानावर तालुक्याच्या स्पर्धांची तयारी चालते तेव्हा मी कधी कधी कुंपणाशी उभा राहतो. काळ्या मातीवर फक्कीच्या रेघा ओढलेल्या असतात, बॅटन म्हणून एखादा लाकडी रूळ हाताशी असतो, आणि मशिदीच्या आळीतला मुलगा माळी गल्लीतल्या मुलाला तो देण्यासाठी जिवाच्या आकांताने पळत येतो. घेणारा मागे पाहत नाही. त्याला मागे पाहू नको असेच शिकवलेले असते. हात मागे, तळवा उघडा, नजर पुढे, आणि कानात फक्त येणाऱ्याची हाक. रूळ खाली पडतो. ‘तू लवकर सुटलास’, ‘तूच उशिरा दिलास’, असे दोघे एकमेकांवर ओरडतात, आणि पाहणाऱ्याला कळते की दोघेही खरे बोलत आहेत. मग पी.टी.चे सर त्यांना पुन्हा रेघेवर उभे करतात. न पाहता हात उघडा ठेवणे ही श्रद्धेची जी परीक्षा आहे, ती मी देवळातही इतक्या स्वच्छ रूपात क्वचित पाहिली आहे.

येथवर सर्व गोड आहे. अडचण येते ती दोषाच्या बाजूने. फळ प्रत्येकाला पूर्ण, तर दोषही प्रत्येकाला पूर्ण असलाच पाहिजे, आणि तो तसा असतो हे जर्मन चौकडीने अनुभवले. एका हस्तांतरात दोष झाला. त्यात फार तर दोघे गुंतलेले असणार. उरलेले दोघे निर्दोष धावूनही बाद झाले. आपल्या ‘जो करील तो भोगील’ या सूत्राला हा सरळ छेद आहे. मीमांसक या बाबतीतही भाबडे नव्हते. सत्रात बसण्याचा संकल्प करून जो माघार घेईल त्याने विश्वजित याग करावा, ज्यात आपले सर्वस्व दक्षिणा म्हणून देऊन टाकावे लागते, असे कडक प्रायश्चित्त त्यांनी सांगितले. आणि सत्र चालू असता एखादा मेला तर संख्या भरून काढण्यासाठी प्रतिनिधी घ्यावा, परंतु त्या प्रतिनिधीला यजमानपण येत नाही, असेही ठरवले. एकाच्या वागण्याने सर्वांचे कर्म बुडू शकते, याची ही उघड कबुली आहे. ज्याला पूर्ण फळ हवे त्याने दुसऱ्याच्या चुकीला आपण पूर्ण जामीन आहोत हे आधी मान्य करावे, अशी ही सनद आहे. ती अन्यायाची आहे का? बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल. पण जो रेघेवर पाठ करून, हात उघडा ठेवून उभा राहिला त्याने ती अट स्वखुशीने पत्करलेली असते, आणि स्वखुशीने पत्करलेल्या जामिनकीबद्दल तक्रार करण्याचा हक्क उरत नाही.

अद्वैताचा यावर एक उतारा आहे, आणि तो मला ठाऊक नाही असे नाही. अमळनेरला प्रतापशेठांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले, साने गुरुजींनी तेथे काही काळ अध्ययन केले, आणि शांकर वेदान्ताचा इतका निष्ठेने विचार झालेली जागा आमच्या खानदेशात दुसरी नाही. त्या दृष्टीने पाहता कर्ता एकही नाही, भोक्ता एकही नाही. जेकब्स आणि मॅकिन्टॉश हे उपाधींचे भेद. मग वाटणी कशाची आणि कोणात? उत्तर निर्दोष आहे. तरीही ते मला या ठिकाणी घाईचे वाटते. मॅकिन्टॉश आणि डार्सी हे मुळातच एक असते तर बॅटन देण्यात जोखीम उरली नसती. ते दोन होते, एकमेकांना चुकू शकत होते, आणि चुकले नाहीत, यातच त्या कर्माचा अर्थ आहे. द्वैत पुसून टाकले तर हे सौंदर्यही त्याच्याबरोबर पुसले जाते. उलट एकट्याच्या कर्माचे उदाहरण पाहा: १९२० साली दोराबजी टाटांच्या पुढाकाराने जे हिंदी पथक अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले त्यातील बेळगावच्या फडेप्पा चौगुल्यांनी मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा क्रमांक मिळवला. एकट्याने, परक्या थंडीत, बेचाळीस किलोमीटरांहून अधिक. एकांताच्या त्या तपश्चर्येपुढे मी नतमस्तक आहे. परंतु एकट्याने धावणाऱ्याला दुसऱ्याच्या चुकीला जामीन राहावे लागत नाही, आणि दुसऱ्याच्या बळावर आपल्या ताकदीबाहेरचे फळही मिळत नाही.

आता मॅकिन्टॉशचे पुढले आयुष्य. केंब्रिज सोडल्यावर तो दक्षिण आफ्रिकेत साहाय्यक जिल्हा अधिकारी म्हणून सरकारी नोकरीत गेला. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर तो आर्गाइल अँड सदर्लंड हायलँडर्स या पलटणीत अधिकारी झाला आणि फ्रान्समध्ये झालेल्या जखमांनी २६ जुलै १९१८ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, युद्ध संपण्यास चार महिनेही उरले नसताना वारला. जर्मन चौकडीतला माक्स हर्मन त्यापूर्वीच, १९१५ साली, त्याच युद्धात पडला होता. मॅकिन्टॉशचे सोबती दीर्घकाळ जगले. ॲपलगार्थ अमेरिकेत स्थायिक झाला, जेकब्स १९७६ पर्यंत हयात होता.

युद्ध हेही एकट्याने न होणारे कर्म आहे, आणि माझा प्रश्न येथे पुन्हा, अधिक कठोर होऊन, समोर येतो. खंदकातला तरुण हा सत्री की ऋत्विज? पलटणीत एकाची जागा दुसरा घेतो, एक पडला की प्रतिनिधी उभा राहतो, दोष एकाचा आणि मरण सगळ्यांचे. बाहेरून सत्राची सर्व लक्षणे जुळतात. तरीही संकल्प कोणाचा होता हे विचारले की लक्षणे फसवी ठरतात. लंडन आणि बर्लिन येथील ज्यांनी तो संकल्प केला ते यजमान घरीच बसले होते, आणि हर्मनला किंवा मॅकिन्टॉशला जी दक्षिणा मिळाली ती सैनिकाच्या पगाराची. कोणी म्हणेल की त्यांतले पुष्कळ जण आपण होऊन, देशासाठी म्हणून गेले, तेव्हा संकल्प त्यांचाही होता. हे मी खोडून काढू शकत नाही. पण हा आक्षेप मान्य करावयाचा तर सत्राचा सिद्धान्त पुरतेपणी मान्य करावा लागेल, आणि मग त्या कोट्यवधी हत्यांचे फळ सतराव्या की कोटीव्या हिश्श्याने नाही, तर सबंधच्या सबंध प्रत्येकाच्या पदरी टाकावे लागेल. केल्सोच्या त्या पोराच्याही. तेथे माझा हात अडतो. स्टॉकहोमचे पदक त्याच्याकडे पूर्ण द्यावयास मी तयार आहे. फ्रान्सचा तो हिशेब मात्र त्याच्या नावे लावण्यापूर्वी यजमानांना कचेरीत हजर करावे असे मी म्हणेन, आणि ते हजर होईपर्यंत हे प्रकरण दप्तरदाखल करण्यास माझी हरकत राहील.